दाखविणे आणि दिसणे

परवा आमच्या घरी एक अगदी लहान प्रसंग घडला. लहान असला तरी तो मनातून जाईना, म्हणून हे चार शब्द लिहावयास बसलो.

माझी भाची नांदेडच्या एका महाविद्यालयातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडली. पुण्याच्या एका कंपनीने तिला मुलाखतीला बोलावले. बोलावले म्हणजे जायचे मात्र कोठेच नव्हते. ठरल्या दिवशी सकाळी अकरा वाजता संगणकासमोर बसायचे आणि पलीकडचे तिघे विचारतील त्यांना उत्तरे द्यायची. तिच्या घरी खालच्या खोलीत पिठाची गिरणी आहे. ती सुरू झाली की शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. म्हणून ती आदल्या दिवशीच लातूरला आमच्याकडे आली. सायंकाळी बैठकीच्या खोलीत टेबल कोठे मांडावे, दिवा कोठे ठेवावा, याची खटपट चालू होती. मध्येच ती थांबली आणि भिंतीकडे पाहत म्हणाली, "मामा, ही तसबीर तासाभरापुरती काढून ठेवू का?"

ती तसबीर येशूच्या पवित्र हृदयाची. माझ्या आईने ती या घरात आणली आणि तेव्हापासून ती खिडकीशेजारच्या त्याच खिळ्यावर आहे. रंगकामाच्या दिवसांखेरीज ती खाली उतरल्याचे मला आठवत नाही.

"का गं?" मी विचारले.

"क्लासचे सर म्हणाले, मागची भिंत मोकळी पाहिजे. बघणाऱ्याचं लक्ष तिकडं जातं म्हणे." मग जरा थांबून, आवाज खाली आणून ती म्हणाली, "आणि कुणाच्या मनात काय असतं, आपल्याला काय माहीत?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. 'काढ' म्हणावे तर आईचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता. 'नको' म्हणावे तर एका मुलीच्या भाकरीच्या प्रश्नावर मी माझ्या अभिमानाचे ओझे ठेवतो आहे, असे वाटत होते. 'सकाळी पाहू' असे म्हणून मी वेळ मारून नेली. रात्री मात्र लक्षात आले, की प्रश्न एका तसबिरीपुरता नव्हता. स्वतःला दुसऱ्यापुढे मांडताना माणसाने काय दाखवावे आणि काय झाकावे? तयारी कोठे संपते आणि सोंग कोठे सुरू होते? आज आपल्या धर्मग्रामांतल्या किती तरी घरांत हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा असेल. म्हणून त्याचा जरा सावकाश विचार करू.

'मुलाखत' हा शब्द मूळचा अरबी. तो फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आला आणि त्याचा पहिला अर्थ केवळ 'भेट' असा आहे. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी 'मुलाकात' हा शब्द याच अर्थाने येई. इंग्रजीतला 'इंटरव्ह्यू' हा शब्दही फ्रेंचमधून आलेला. त्याच्या मुळाशी एकमेकांना पाहणे ही कल्पना आहे. म्हणजे दोन्ही शब्दांच्या पोटात दोन माणसे आहेत आणि दोघांनाही डोळे आहेत. पुढे व्यवहारात ही दुहेरी क्रिया एकेरी झाली. एकाने विचारावयाचे, दुसऱ्याने सांगावयाचे. एकाने पाहावयाचे, दुसऱ्याने दिसावयाचे.

परक्या भाषेत स्वतःची लायकी सिद्ध करणे हे आपल्या भागाला नवे नाही. निजामाच्या राजवटीत कचेरीची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचेही माध्यम उर्दूच होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, तोवर नांदेडच्या मराठी मुलाला सरकारी नोकरी मागावयाची तर ती उर्दूतून मागावी लागे. आजोबांनी उर्दूत अर्ज लिहिला, नात इंग्रजीत उत्तरे देते. मधल्या पिढ्यांत राज्य बदलले, लिपी बदलली. घरी एका भाषेत जगावे आणि उंबरठ्याबाहेर दुसऱ्या भाषेत स्वतःला समजावून सांगावे, हे ओझे मात्र बदलले नाही.

नांदेड आणि लातूर ही आज परीक्षांची गावे म्हणून ओळखली जातात. लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांमुळे 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर गेला, आणि नांदेडलाही शिकवणीवर्गांच्या गल्ल्या उभ्या राहिल्या. या पद्धतीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने ज्या जिल्ह्याचे काळीज फाटले, २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथल्या आईबापांनी जमिनीपेक्षा आणि पावसापेक्षा मुलांच्या गुणपत्रिकेवर अधिक भरवसा ठेवला, यात नवल ते काय? परंतु या पद्धतीचा पाया सराव हा आहे : ठरलेला अभ्यासक्रम, एका प्रश्नाला चार पर्याय आणि त्यांतला एकच बरोबर. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला ७२० गुण असतात. त्यांतला एकही मुलाखतीला नसतो. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राला मुलाचे गाव, बोली, अंगावरचा सदरा यांपैकी काही दिसत नाही. ही त्या परीक्षेची उणीव आहे, तशीच ती तिची दयाही आहे. मुलाखतीत मात्र हे सारे दिसते. 'स्वतःविषयी सांगा' या पहिल्याच प्रश्नाला चार पर्याय नसतात, आणि आयुष्यभर पहिला येणारा मुलगा तेथे अडखळतो.

उलटही घडते. केवळ परीक्षेने माणूस मोजता येत नाही, हे निदान नांदेडला तरी सांगावयास नको. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) हे विद्यार्थिदशेत परीक्षांच्या वाटेवर पुन्हा पुन्हा ठेचाळले. पुढे तेच नांदेडच्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाले, आणि त्यांचे व्याख्यान ऐकण्यासाठी महाराष्ट्रभर सभागृहे भरू लागली. कोणी तरी गुणपत्रिकेच्या पलीकडे पाहिले, म्हणून हे घडले. मुलाखतीचे खरे प्रयोजन हेच आहे : कागदावर न मावणारा माणूस पाहणे.

पूर्वी मुलाखत म्हटली की प्रवास आला. लातूरहून पुणे तीनशे किलोमीटरांहून अधिक, नांदेडहून चारशेहून अधिक. रात्रीच्या एस.टी.त बसायचे, पहाटे स्थानकावर तोंड धुवायचे, पिशवीतला इस्त्रीचा सदरा जपून बाहेर काढायचा आणि पत्ता विचारत जायचे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि मुलाखती पडद्यावर गेल्या. टाळेबंदी उठली तरी त्यांतल्या पुष्कळशा पडद्यावरच राहिल्या. गरीब घरांच्या दृष्टीने हा मोठा लाभ आहे. भाड्याचे पैसे वाचले, आणि मुलीला एकटीला कसे पाठवायचे ही आईची काळजी मिटली.

पण या लाभाला एक किंमत आहे. पूर्वी उमेदवार घर मागे ठेवून जात असे. आता त्याचे घरच मुलाखतीला बसते. भिंतीचा पोपडा, दोरीवरचे कपडे, कोपऱ्यातली धान्याची कोठी, पलीकडून येणारी कुकरची शिट्टी, धाकट्याचे रडणे आणि भिंतीवरचा देव, हे सारे साक्षीला हजर राहतात. दोन गुणी मुलांपैकी एकाला स्वतंत्र खोली आहे आणि दुसऱ्याला नाही, एवढ्यानेच दोघांत अंतर पडते. म्हणून अशा मुलाखतीची तयारी घरापासून सुरू होते, आणि नैतिक प्रश्नही तेथूनच सुरू होतो.

यांतली साधी तयारी निर्विवाद आहे. खिडकी पाठीमागे असू नये, समोर असावी. नाही तर चेहरा काळा दिसतो. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत यावा, त्यासाठी संगणकाखाली चार जाड पुस्तके ठेवली तरी पुरते. महावितरणची वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून संगणक पूर्ण भारलेला असावा आणि दुसऱ्या कंपनीचे इंटरनेट असलेला एक फोन जवळ असावा. पंख्याचा आवाज आपल्याला जाणवत नाही, पलीकडच्याला जाणवतो. आवाज पोहोचण्यास क्षणभर उशीर लागतो, म्हणून समोरच्याचे वाक्य पुरते संपू द्यावे आणि मग बोलावे. आदल्या दिवशी मित्राबरोबर एकदा सारे करून पाहावे आणि फोनवर स्वतःचे बोलणे चित्रित करून ऐकावे. आपण किती भरभर बोलतो आणि वाक्याचा शेवट कसा गिळतो, हे तेव्हाच कळते. अर्जात जे लिहिले आहे त्यातल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो, हे धरून चालावे. केलेल्या कामाविषयी सांगताना प्रसंग कोणता होता, आपल्याकडे काय सोपविले होते, आपण नेमके काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, या क्रमाने सांगितले की ऐकणाऱ्यालाही माग लागतो. आणि ज्या संस्थेत जावयाचे तिचे काम काय, हे आधी वाचून एखादा प्रश्न आपणही विचारावा. मुलाखत ही भेट आहे याची ती आठवण असते.

यात कोठेही सोंग नाही. पाहुणा येणार म्हणून अंगण झाडणे हा खोटेपणा नव्हे; तो आदर आहे. आपला चेहरा दुसऱ्याला नीट दिसावा, आपले बोलणे नीट ऐकू जावे, यासाठी घेतलेले कष्ट हे त्याच्यासाठीही असतात.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. पडद्यावर समोरच्याच्या डोळ्यांकडे आपण पाहिले, तर त्याला मात्र आपली नजर खाली झुकलेली दिसते. त्याला वाटावे की हा माझ्याकडे पाहून बोलतो आहे, तर आपण त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता वरच्या त्या काळ्या भिंगाकडे पाहावे लागते. म्हणजे दुसऱ्याला आपली नजर मिळावी म्हणून आपण त्याचे दर्शन सोडून द्यायचे. माझ्या भाचीला हे खोटे वाटले. "मी बघते भिंगाकडं आणि त्यांना वाटतं मी त्यांच्याकडं बघते, म्हणजे फसवणूकच की!" असे ती हसत म्हणाली. मला तसे वाटत नाही. आंधळ्या माणसाशी बोलताना आपण मान डोलावीत नाही, तोंडाने 'हं' म्हणतो. ज्या साधनातून भेट होते त्याच्या उणिवा ओळखून वागणे हा भेटीचाच भाग आहे.

मग सोंग कोठे सुरू होते? आपल्या घरांना एक मुलाखत फार जुनी परिचयाची आहे : मुलगी दाखविण्याचा कार्यक्रम. त्या दिवशी मुलगी ठेवणीतली साडी नेसते, घर आवरलेले असते, पोहे नेहमीपेक्षा चांगले झालेले असतात. यात कोणाची फसवणूक होत नाही, कारण रोज असे नसते हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. पण मुलाचे व्यसन झाकले, मुलीचा आजार दडविला, बहिणीच्या हातचे भरतकाम हिचे म्हणून दाखविले, की तेथे काही तरी मोडते. साडी आणि आजार यांतला फरक आपल्या आज्यांना कोणत्याही तत्त्वज्ञाशिवाय कळत होता. साडीने मुलगी अधिक नीट दिसते. आजार झाकल्याने ती दिसेनाशी होते.

तत्त्वज्ञांनीही या प्रश्नाचा कसून विचार केला आहे, आणि त्यांतला एक तर स्वतः अशा कसोटीतून गेलेला होता. ३८४ साली मिलान शहराला वक्तृत्वशास्त्राचा एक शिक्षक हवा होता. माणूस निवडण्याचे काम रोमचा नगराधिपती सिम्माकस याच्याकडे आले. त्याने एका उमेदवाराला विषय देऊन भाषण करावयास लावले, ते त्याच्या पसंतीस उतरले आणि सरकारी खर्चाने त्याची मिलानला रवानगी झाली. उत्तर आफ्रिकेतल्या एका लहान गावातून आलेला, तिशीच्या उंबरठ्यावरचा तो उमेदवार म्हणजे संत ऑगस्टीन. त्या नोकरीसाठी आपल्यामागे ज्यांचा वशिला होता त्यांच्या पंथावरून आपले मन आधीच उडाले होते, हे त्याने पुढे लपवून ठेवले नाही. इटलीतली माणसे आपल्या लॅटिन उच्चारांत खोड काढतात, हेही त्याने लिहून ठेवले आहे. ज्याची लॅटिन पुढे पाश्चात्य जगाने शतकानुशतके वाचली, त्याचेही उच्चार नोकरीच्या गावी खटकत होते! आपल्या इंग्रजीला येणाऱ्या मराठवाडी हेलाने शरमणाऱ्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट सांगावीशी वाटते.

दोनच वर्षांनी ऑगस्टीनने ती मानाची जागा सोडली. आपण शब्द विकणारे झालो आहोत, असे त्याला वाटू लागले होते. भाषण उत्तम होते, पण बोलणारा त्यात नव्हता. पुढे त्याने असत्याविषयी स्वतंत्रपणे दोनदा लिहिले आणि हेतू कितीही चांगला असला तरी खोटे बोलू नये, असा कठोर निर्वाळा दिला. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याने तोच निर्वाळा मान्य केला. तथापि ऑगस्टीनचाच आधार घेऊन त्याने एक महत्त्वाचा भेद स्पष्ट केला. असत्य सांगणे निराळे आणि सत्य शहाणपणाने आपल्यापाशी ठेवणे निराळे. विचारणाऱ्याला प्रत्येक गोष्ट सांगितलीच पाहिजे असे बंधन माणसावर नाही. त्याने जे सांगितले ते मात्र खरे असले पाहिजे.

हा भेद हाती घेतला की पुष्कळ गाठी सुटतात. आपली तयारी समोरच्याला आपण दिसावे म्हणून आहे, की दिसू नये म्हणून आहे, एवढेच स्वतःला विचारावयाचे. उत्तरे पाठ करण्यापूर्वी विषय समजून घेणे ही दिसण्याची तयारी. पडद्याच्या कडेला दुसऱ्याने लिहिलेली उत्तरे चिकटविणे ही न दिसण्याची. आता तर प्रश्न ऐकून क्षणात उत्तर लिहून देणारी यंत्रे निघाली आहेत, आणि ओठ एकाचे व आवाज दुसऱ्याचा असेही प्रकार घडतात. असे करणाऱ्याला नोकरी मिळेलही. पण आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? सोमवारी कामावर हजर व्हावयाचे असते ते त्याला स्वतःला. यंत्राने दिलेल्या उत्तराला नव्हे. शिवाय त्याच दिवशी कोठे तरी एक खरा, अडखळत बोलणारा उमेदवार मागे राहिलेला असतो. सोंगाची किंमत नेहमी कोणी तिसराच भरतो.

घरची गरिबी, धर्म, जात, आजारी आई या गोष्टी कामाशी संबंध नसताना उघड करण्याचे बंधन कोणावर नाही. त्या राखून ठेवणे हा खोटेपणा नव्हे, ती आत्मसन्मानाची राखण आहे. पण 'येत नाही' ते 'येते' म्हणणे, न केलेले काम केले म्हणणे, हे त्या भेदाच्या पलीकडचे. 'हे मला ठाऊक नाही. मात्र मी याचा शोध अशा रीतीने घेईन' एवढे शांतपणे सांगता येणे, ही माझ्या मते साऱ्या तयारीतली सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाची तयारी आहे.

येथवर मी उमेदवाराच्या कर्तव्याविषयी बोललो. पण एकट्या उमेदवाराकडून सत्याची अपेक्षा करणे हा अर्धा न्याय झाला. आपल्यापैकी कित्येक जण टेबलाच्या पलीकडेही बसतात : कोणी शाळेच्या समितीवर, कोणी रुग्णालयात, कोणी कंपनीत. खरे बोलणाऱ्याला शिक्षा होणार असेल, तर समोरच्याने मुखवटा चढविल्याचा दोष थोडा आपल्याही पदरात पडतो. पडदा मध्येच गोठला तर उमेदवाराचे गुण कापायचे, की 'हरकत नाही, पुन्हा सांगा' म्हणायचे? मागच्या भिंतीकडे पाहायचे, की माणसाकडे? ज्या कामात इंग्रजी बोलण्याची गरज पडणार नाही, त्यासाठी उच्चारांवरून माणूस नाकारायचा का? देशातल्या सर्वांत कठीण समजल्या जाणाऱ्या लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत मुलाखतीला २०२५ पैकी २७५ गुण असतात, आणि लेखी परीक्षा भारतीय भाषेतून देणाऱ्याला मुलाखतही त्याच भाषेतून देण्याची मोकळीक आहे. देशाचा कारभार चालविणाऱ्यांची निवड मराठीतून होऊ शकते, तर इतरत्र इतका बाऊ कशासाठी?

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. काही मुलाखतींत आता पलीकडे कोणी नसतेच. पडद्यावर प्रश्न उमटतो, विचार करण्यास काही क्षण मिळतात, आणि मग रिकाम्या भिंगापुढे दोन मिनिटांत उत्तर सांगून ते जतन करावयाचे. अमेरिकेतल्या हायरव्ह्यू या कंपनीची यंत्रणा तर उमेदवाराच्या चेहऱ्यावरच्या हालचालींचाही हिशेब मांडीत असे. टीका झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये चेहऱ्याची ही पारख बंद केल्याचे कंपनीने जाहीर केले. इलिनॉय राज्याने त्याआधीच, १ जानेवारी २०२० पासून, असे यंत्र वापरावयाचे तर उमेदवाराला आधी सांगून त्याची संमती घेतली पाहिजे असा कायदा लागू केला होता. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या कायद्यान्वये, कामाच्या ठिकाणी माणसाच्या भावना ताडणाऱ्या यंत्रांना, वैद्यकीय वा सुरक्षेचे कारण वगळता, फेब्रुवारी २०२५ पासून मनाई आहे. या कायद्यांच्या मुळाशी एक साधी समज आहे. भेटीत दोन माणसे असावी लागतात. ज्याला आपण पाहू शकत नाही, प्रश्न विचारू शकत नाही, ज्याच्यापुढे 'मला समजले नाही' असे म्हणता येत नाही, त्याच्यापुढे होते ती तपासणी, मुलाखत नव्हे. यंत्राने वेळ वाचवावा, पण माणसाविषयीचा शेवटचा शब्द माणसाने उच्चारावा आणि त्याची जबाबदारीही त्यानेच घ्यावी.

आता त्या सकाळीकडे वळतो. भाचीने उठल्याबरोबर टेबल पुन्हा मांडून पाहिले. आदल्या सायंकाळी दिव्याच्या उजेडात कळले नव्हते ते आता कळले : खिडकी पाठीशी येत असल्याने तिचा चेहरा अगदीच काळवंडलेला दिसत होता. टेबल फिरविणे भागच होते. ते फिरविले, आणि खिडकीशेजारची तसबीर तिच्या पाठीमागून निघून तिच्या समोर आली. पाठीमागे आता धान्याची कोठी आणि मामीचे शिवणयंत्र होते. मला सुटल्यासारखे वाटले. ती मात्र तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, उजेडासाठी फिरवलं ते ठीक. पण काल मी उजेडासाठी नव्हते विचारत." मी म्हणालो, "ठाऊक आहे मला." एवढेच. कृती तीच असते, पण ती प्रकाशासाठी केली की भीतीपोटी, हे करणाऱ्यालाच ठाऊक असते. ते स्वतःशी कबूल करणारी मुलगी सोंगाच्या वाटेने फार दूर जाणार नाही, असे मला त्या वेळी वाटले. कोठीवर चादर टाकू का, असे मामीने विचारले, तेव्हा ती 'राहू द्या' म्हणाली.

आणखी एक गोष्ट उरली होती. बारावीनंतर तिचे एक वर्ष मोडले आहे. २०२०–२१ चे ते वर्ष. वडील करोनाने आजारी पडले, पुढे कित्येक महिने अशक्त राहिले, आणि गिरणी हिने चालविली. 'त्या वर्षी घरबसल्या एक अभ्यासक्रम केला, असे सांग,' असा सल्ला तिला वर्गात मिळाला होता. अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला. दाराआडून मला तिचे इंग्रजी ऐकू येत होते. साधे, थोडे थांबत थांबत. वडील आजारी होते, मी पिठाची गिरणी चालविली, उधारीची वही मी ठेवीत असे, मोटार जळाली तेव्हा ती दुरुस्त करून घेतली, असे तिने सांगितले. पलीकडून एकाने विचारले, उधारी वसूल झाली का? ती म्हणाली, सगळी नाही. काही घरांत माणसेच गेली होती. क्षणभर कोणीच बोलले नाही. मग पुढचा प्रश्न आला.

चार दिवसांनी कंपनीचे पत्र आले. निवड झाली नव्हती.

खरे सांगितल्याने नोकरी मिळते, असे वचन मी वाचकांना देऊ शकत नाही. मलाही त्या सायंकाळी वाटून गेले, की गिरणीऐवजी तो न केलेला अभ्यासक्रम सांगितला असता तर? पण भाचीने माझ्याहून अधिक स्वच्छ विचार केला होता. ती म्हणाली, "मामा, डेटाबेसचे दोन प्रश्न मला आले नाहीत. तेवढं पक्कं करून पुढच्या वेळी बसते." तिच्या बोलण्यात निराशा होती, पण गोंधळ नव्हता. आपण कोठे कमी पडलो हे तिला नेमके ठाऊक होते, कारण समोर बसली होती ती तीच होती. जो मुखवटा घालून बसतो त्याला नकार आला तर तो कोणाला आला, हे त्याला कधीच कळत नाही, आणि होकार आला तरी तो मुखवट्यालाच आलेला असतो. खऱ्या माणसाचे अपयश निदान त्याचे स्वतःचे असते. त्यातून त्याला शिकता येते.

पुढच्या महिन्यात तिची दुसरी मुलाखत आहे. टेबल आम्ही जागचे हलविलेले नाही.